शिसं नेमकं कुठून आलं?

ती. दादास,


तू पाठवलेल्या रिपोर्टचा फोटो मोठा करून नीट वाचला. शिसं 6.8 मिलिग्रॅम प्रति किलो. आपल्याकडे हळदीला 10 ची मर्यादा आहे, म्हणजे इथल्या कायद्याने माल पास. युरोपात मुळं आणि कंद या वर्गातल्या मसाल्यांना 2021 पासून 1.5 ची मर्यादा आहे, म्हणजे तिथे तोच माल नापास. व्यापाऱ्याला तो बाहेर पाठवायचा होता, म्हणून त्याने परत केला. त्यात त्याने तुला फसवलं असं मला वाटत नाही. पण जाता जाता तो जे बोलला, की "तुमच्या जमिनीतच दोष आहे", ते त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. फोनवर तुझा आवाज बसला होता तो पैशापेक्षा या वाक्याने, हे मला कळत होतं. आबांनी दगड वेचून वेचून केलेलं रान नासकं ठरवायला त्याला एक वाक्य पुरलं.

मी रोज असेच आकडे काढते. म्हणून सांगते, दादा, त्या कागदाने तुला किती ते सांगितलंय. कुठून ते त्याला कुणी विचारलंच नाही. ते विचारायचं असेल तर वेगळे नमुने लागतात आणि ते तुलाच घ्यावे लागतील. पत्र लांबेल, पण तुमच्या गटात सगळ्यांना वाचून दाखव. उद्या असाच कागद दुसऱ्या कुणाच्या हातात पडेल.

आधी हा 6.8 तयार कसा होतो ते बघ. प्रयोगशाळेत आलेल्या पिशवीतली हळद आम्ही दळतो, चाळतो आणि तिच्यातली साधारण अर्धा ग्रॅम तोलून टेफ्लॉनच्या जाड भांड्यात घेतो. अर्धा ग्रॅम म्हणजे वहिनी वरणात टाकतात त्याहून कमी. त्यावर अतिशुद्ध नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. हळद आधी लालसर, मग तपकिरी होते. भांडं घट्ट बंद करून मायक्रोवेव्हमध्ये 200 अंशांच्या आसपास तापवायचं, पूर्ण गार झालं की धुराड्याखाली हलक्या हाताने उघडायचं. तपकिरी वाफ निघून जाते आणि तळाशी पाण्यासारखं, जेमतेम पिवळसर द्रावण उरतं. रंग गेला, वास गेला, हळद म्हणून ओळखावं असं काही राहिलं नाही. धातू तेवढे उरले. ते द्रावण शुद्ध पाण्याने 50 मिलिलिटर करायचं. तुझ्या 6.8 चा हिशोब मांडला तर त्या द्रावणात लिटरला 68 मायक्रोग्रॅम शिसं येतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

मग ते आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रात जातं. आर्गॉन वायूची ज्योत, हजारो अंश तापलेली. तिच्यात द्रावणाचे तुषार सोडले की अणू सुटे होतात, त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि यंत्र ते वजनावारी मोजतं. शिशाचे अणू 206, 207 आणि 208 या वजनांवर सापडतात, ते तिन्ही मिळून मोजायचे. यंत्र महागडं आहे आणि खरंही बोलतं. पण त्याच्यापुढे जे ठेवलं तेवढ्याबद्दलच ते खरं बोलतं.

म्हणून प्रत्येक तुकडीत एक भांडं रिकामं चालवतात. त्यात हळद नाही, फक्त आम्ल. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. त्यात शिसं दिसलं तर ते आम्लातून आलं, भांड्यातून आलं, नाहीतर हवेतल्या धुळीतून. हळदीतून नक्कीच नाही. दुसऱ्या एका भांड्यात ज्याचा आकडा आधीपासून पक्का ठाऊक आहे असा नमुना असतो. अमेरिकेची निस्ट ही संस्था सफरचंदाच्या पानांची अशी पावडर विकते, त्यातलं शिसं त्यांनी ठरवून दिलेलं आहे. आमचा आकडा त्याच्याशी जुळला नाही तर त्या दिवशीचे सगळे आकडे बाजूला. तिसऱ्या भांड्यात तुझ्याच हळदीत मोजून शिसं घालतात आणि तेवढं परत मिळतं का ते बघतात. रिपोर्ट मागताना या गोष्टी कुणी विचारत नाही. तू विचार. चांगल्या प्रयोगशाळेला हा प्रश्न आवडतो.

ब्लँकबद्दल बोलताना क्लेअर पॅटरसन या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1950 च्या दशकात तो उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होता. जिकडे हात लावावा तिकडे शिसं. टेबलावर, हवेत, स्वतःच्या केसांत. ते हटवण्यासाठी त्याने कॅलिफोर्नियात अतिस्वच्छ खोली उभी केली आणि 1956 मध्ये पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडं जास्त असल्याचं सांगितलं. तो आकडा आजही टिकून आहे. पण त्याच्या डोक्यातून एक प्रश्न जाईना, की माझ्या खोलीत एवढं शिसं आलं कुठून? शोध घेत तो पेट्रोलपर्यंत पोचला, कारण तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. पुढची कित्येक वर्षं तो शिसं मिसळणाऱ्या कंपन्यांशी झगडला. आपल्या देशात शिसं नसलेलं पेट्रोल सगळीकडे सक्तीचं झालं ते 2000 साली. त्याच्याकडून मी शिकले ते हेच, की नको तिथे आकडा दिसला तर तो कुठून आला ते शोधायचं. तुझ्या बाबतीतही मला तेच करायचं आहे.

आता जमिनीकडे येऊ. "माझ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे, त्यात सगळं चांगलं आलंय," असं तू म्हणालास. दादा, त्या पत्रिकेत 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडतंय हे सांगण्यासाठी ती आहे. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचं तिच्यात नावही नाही. आणि जस्त-तांबं मोजायला तिथे डीटीपीए नावाचं सौम्य द्रावण वापरतात, ते मुळांना मिळण्याजोगं तेवढंच बाहेर काढतं. आम्ही मातीतलं एकूण शिसं काढतो तेव्हा कडक आम्लांत ती उकळतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये. बाजारात ही गल्लत सर्रास होते.

तुझ्या मातीतून 6.8 येऊ शकेल का, हा हिशोब मी कागदावर केला, तूही कर. बाहेरून काही न पडलेल्या साध्या शेतजमिनीत किलोला साधारण 10 ते 40 मिलिग्रॅम शिसं असतं. आपली काळी जमीन बेसाल्टची. बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर, शिसं मात्र कमी. तरी धरून चालू की तुझ्या रानात 20 आहे. शिसं झाडात सहजासहजी वर चढत नाही. चुनखडीच्या, चिकण, सामू जास्त असलेल्या जमिनीत तर ते मातीलाच चिकटून बसतं. मग हळकुंडात येणार कसं? मुख्यतः चिकटलेल्या मातीतून. समज, धुताना हयगय झाली आणि पावडरीत शंभरात एक भाग माती गेली. तिने किलोला 0.2 मिलिग्रॅम शिसं वाढतं. 6.8 यायला त्या पावडरीत तिसरा हिस्सा माती हवी! अशी हळद तुझ्या घरात कुणी पोत्यात भरू दिली असती का?

म्हणून जमीन निर्दोष सुटली असं नाही. कधीकाळी तिथे बॅटऱ्या फोडल्या असतील, कुठल्या कारखान्याचा गाळ आला असेल, तर मातीतलं शिसं शेकड्यांत जाऊ शकतं आणि वरचा हिशोब कोलमडतो. म्हणून माती तपासायची. पण पहिला संशय तिच्यावर घ्यायला मी तयार नाही.

माझा संशय काढणीनंतरच्या वाटेवर आहे. हळद तुझ्या रानातून निघते, काहिलीत नाहीतर बॉयलरमध्ये शिजते, खळ्यावर किंवा ताडपत्रीवर वाळते, भाड्याच्या पॉलिशच्या ड्रममध्ये फिरते, पोत्यात भरते, सौद्यात जाते, आडत्याच्या गोदामात पडते, मग व्यापारी नमुना काढतो. या सगळ्या वाटेत तिला फक्त एकदा तपासलं, तेही शेवटी. आणि बोट दाखवलं सुरुवातीकडे.

लेड क्रोमेट हे नाव तू ऐकलं असशील. पिवळाधमक रंग, यंत्रांना द्यायच्या रंगांत घालतात. फिकट, डागाळलेल्या हळकुंडावर पॉलिशच्या वेळी तो मारला की माल झळकतो. त्याच्या वजनात शंभरात 64 भाग शिसं असतं. म्हणजे दहा किलो हळदीवर एक ग्रॅम रंग बसला तरी शिसं किलोला 64 मिलिग्रॅम होतं, आपल्या मर्यादेच्या सहापट. आपल्या कायद्यात हळदीला हा रंग लावायला बंदी आहे, थोडासुद्धा चालत नाही. म्हणजे 6.8 जर या रंगातून आलं असेल, तर 10 च्या आत आहे म्हणून तो माल शुद्ध ठरत नाही.

बांगलादेशात हे फार मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि कारण कळत नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर,बी यांच्या संशोधकांनी रक्तातल्या शिशाच्या त्या 206, 207, 208 वजनांची एकमेकांशी प्रमाणं काढली. प्रत्येक खाणीच्या शिशाची ही प्रमाणं थोडी वेगळी असतात. रक्तातली प्रमाणं हळदीतल्या शिशाशी जुळली. लोकांना विचारलं तेव्हा कळलं की 1980 च्या दशकातल्या मोठ्या पुरात हळद भिजली, वाळवून काळपट पडली, ती विकली जावी म्हणून रंग लावला गेला आणि मग तशीच सवय पडली. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हरिपूरची हळदीची पेवं आली. 2005 च्या पुरात त्यांत पाणी शिरून केवढी हळद गेली हे तू मला सांगायची गरज नाही. पाणी लागलेल्या मालाचा धनी कोणत्या अवस्थेत असतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या क्षणी कुणी रंगाची पुडी पुढे केली तर मोह होतो, आणि त्याची किंमत कुणाचं तरी पोर मोजतं.

बांगलादेशच्या सरकारने 2019 मध्ये हे मनावर घेतलं. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने बाजारातच हळद तपासली, ढाक्याच्या श्यामबाजारात विक्रेत्यांना दंड केला. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 मध्ये एकातही नाही. एवढं साधं, एवढं लवकर! आपल्याकडेही होऊ शकतं. 2024 मध्ये भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या शहरांतल्या हळदीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाटणा, कराची, पेशावर इथल्या काही नमुन्यांत शिसं किलोला 1,000 मिलिग्रॅमच्या घरात होतं. तुझं 6.8 त्यापुढे काहीच नाही. पण थोडं आहे म्हणून त्याचा उगम शोधू नये, असं मला वाटत नाही.

रंग आहे की नाही हे आम्ही क्रोमियमवरून ताडतो. लेड क्रोमेटमध्ये शिशाचा एक अणू, क्रोमियमचा एक अणू. वजनात शिसं चारपट. तुझं 6.8 सगळंच्या सगळं रंगातून आलं असेल तर सोबत 1.7 च्या आसपास जादा क्रोमियम दिसायला हवं. जुन्या प्रयोगशाळांत याची रंगाची चाचणीही करतात: हळद जाळून राख करायची, ती पातळ सल्फ्युरिक आम्लात घ्यायची, गाळायची आणि डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकायचे. क्रोमेट असेल तर गुलाबी-जांभळी छटा येते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती फार सुंदर वाटली होती. मग ती कशाची आहे ते आठवलं.

पण इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. बाहेरच्या पुस्तकांत ती सापडत नाही, म्हणून नीट लिहिते. आपल्या काळ्या मातीत क्रोमियम मुळातच जास्त, किलोला शंभर मिलिग्रॅम आणि वरही असू शकतं. म्हणजे शंभरात एक भाग माती राहिली तर एक-दीड मिलिग्रॅम क्रोमियम नुसत्या मातीचं येतं. कुणी घाईने "क्रोमियम 1.6 आहे, शिसं 6.8 आहे, प्रमाण जुळलं, शेतकऱ्याने रंग लावला" असं म्हणून मोकळा होईल. तो तुझ्यावर अन्याय ठरेल. म्हणून सोबत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मोजायचं. हे दोन्ही मातीत भरपूर, कंदात नगण्य. त्यांच्यावरून किती माती चिकटली ते कळतं, तेवढं मातीचं क्रोमियम वजा करायचं, आणि मग उरलेल्याची शिशाशी तुलना करायची. दळतानाही स्टीलच्या पात्यातून क्रोमियम झडतं, तेव्हा या कामासाठी आम्ही अगेटचा खल वापरतो. हे सगळं करायला वेळ लागतो, म्हणून सहसा कुणी करत नाही.

आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुलनेला काहीतरी हवं. दादा, ते तुझ्या घरातच आहे. वहिनी घरच्या खाण्यासाठी दरवर्षी पॉलिशला जायच्या आधीची हळद काढून ठेवतात ना? कोठीतल्या डब्यात असेल. तेच रान, तोच बॉयलर, तेच ऊन. फक्त ड्रममध्ये गेलेली नाही. परत आलेल्या पोत्यांतली हळद आणि वहिनींच्या डब्यातली हळद, या दोन पिशव्या शेजारी शेजारी तपासल्या की अर्धं उत्तर तिथेच मिळेल. डब्यातल्या हळदीत शिसं 0.3 निघालं आणि पोत्यातल्या हळदीत 6.8, तर पुढे कुणी तुझ्या जमिनीचं नाव काढू नये. दोन्हींत सारखंच निघालं, तर मात्र मला रानाकडे, पाण्याकडे आणि शिजवायच्या भांड्याकडे वळावं लागेल, आणि तेही मी तुला तितकंच स्पष्ट लिहीन.

नमुना कसा घ्यायचा यावर मी हटून बसणार आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच वाफेवर शिजलेलं असतं. हळदीचं तसं नाही. रंग असेल तर तो कणांनी, हळकुंडाच्या सालीवर, खाचांत बसलेला असतो. एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडा मोठा एक कण, वजन दहा मायक्रोग्रॅम, आमच्या अर्ध्या ग्रॅममध्ये पडला तर आकडा एकदम 12.8 ने वाढतो. तोच कण शेजारच्या चिमटीत राहिला तर माल स्वच्छ. व्यापाऱ्याच्या माणसाने परखी खुपसून एकाच पोत्यातून मूठभर हळद काढली होती, असं तू म्हणालास. त्या मुठीवर तुझ्या सगळ्या मालाचा निकाल लागला. म्हणून शक्य तितक्या जास्त पोत्यांतून घे. वरून, मधून आणि तळातून. सगळी हळकुंडं स्वच्छ कागदावर पसर, चांगली मिसळ, चार भाग कर, समोरासमोरचे दोन ठेव आणि दोन परत पोत्यात टाक. असं करत करत किलोभर उरली की प्लास्टिकच्या कोऱ्या पिशवीत भर. घरी दळू नकोस, गिरणीत तर मुळीच नाही. अख्खी हळकुंडं पाठव.

मातीसाठी रानात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घे, हळदीचा कंद पोसतो तेवढ्या खोलीचा, वीतभर तरी. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी घेऊ नकोस. डांबरी रस्त्याकडेची पट्टीही सोड, पण तिथली माती वेगळ्या पिशवीत जरूर घे: 2000 च्या आधीच्या पेट्रोलमधलं शिसं जुन्या रस्त्यांच्या कडेला अजून मातीत असतं, ते कुठे जात नाही. खोऱ्याने खणलंस तरी पिशवीत घालायची माती बांबूच्या कामटीने किंवा लाकडी उलथन्याने काढ, लोखंडाला टेकलेली बाजूला खरवडून टाक. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं नको, रंग दिलेलं अवजार नको. आणि तुझ्या पाया पडते, खताच्या रिकाम्या पोत्यात माती पाठवू नकोस. स्फुरदयुक्त खतांत खडकातून आलेलं कॅडमियम असतं. पोत्याच्या शिवणीत राहिलेले चार दाणे तुझ्या जमिनीवर नसता डाग लावतील. माती सावलीत वाळव, लाकडाने फोड. चाळायचं काम आमचं.

कॅडमियमचा विषय निघालाच आहे तर तोही मोजायला सांगते. शिसं मातीला चिकटून राहतं, कॅडमियम मात्र झाडात झटकन शिरतं. जपानमध्ये जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या गावांत बायकांची हाडं ठिसूळ होऊन खोकल्यानेसुद्धा मोडत. वरच्या अंगाला कामिओका खाण होती, तिचं कॅडमियम नदीतून भातखाचरांत आलं होतं. सरकारने 1968 मध्ये ते मान्य केलं, आणि खाचरांतली माती बदलायचं काम 2012 पर्यंत पुरलं. आपल्याकडे तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण तू शहरी कंपोस्ट घेतोस, कारखान्याची मळी टाकतोस. कंपोस्टला आपल्या खत नियंत्रण आदेशात शिशाची 100 आणि कॅडमियमची 5 मिलिग्रॅम प्रति किलो अशी मर्यादा आहे. विकणाऱ्याकडे त्याचा रिपोर्ट माग. तुझा तो हक्क आहे.

विहिरीचं आणि नदीच्या लिफ्टचं पाणी मी पाठवते त्या बाटल्यांतच घे. त्या आम्लाने धुतलेल्या असतील आणि तळाशी नायट्रिक आम्लाचे काही थेंब असतील. ते सांडू नको, हाताला लावू नको, मुलांच्या हाती देऊ नको. आम्ल नसलं तर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं.

पॉलिशच्या ड्रमबद्दल थोडं नाजूक बोलायचं आहे. ज्याचं यंत्र आहे तो आपल्याच गावचा, तुझ्या रोजच्या उठण्या-बसण्यातला. त्याने काही केलं असं मी म्हणत नाही. भाड्याच्या ड्रममध्ये तुझ्या आधी कुणाचा तरी माल फिरलेला असतो, त्याची धूळ जाळीत बसते. ड्रमला आतून कधी पिवळा रंग दिलेला असू शकतो आणि तो घासून निघत असू शकतो. त्याला विश्वासात घेऊन ड्रमच्या तळाची चार चमचे धूळ माग. उत्तर त्या धुळीत निघालं तर त्यात त्याचाही फायदा आहे, कारण उद्या सगळ्या गावाचा माल परत यायला लागला तर त्याचं यंत्रही बंदच पडेल.

राहिला आपल्या 10 च्या मर्यादेचा प्रश्न. "इथे तर पास आहे, इथेच विकून टाकू" असं गटात कुणी म्हणालं, असं तू सांगितलंस. कायद्याने ते चुकीचं नाही, फक्त रंग लावलेला नसला पाहिजे. पण मला विचारशील तर 10 ही मर्यादा फार सैल आहे. आठवड्याला एवढं शिसं पोटात गेलं तर चालेल, असा एक आकडा जगातल्या अन्नतज्ज्ञांच्या समितीने पूर्वी दिला होता. 2010 मध्ये त्यांनी तो मागे घेतला, कारण सुरक्षित म्हणावी अशी पातळीच त्यांना सापडली नाही. लहान मुलांच्या मेंदूवर शिसं फार कमी मात्रेतही काम करतं, ताप येत नाही, पोट दुखत नाही, काही दिसत नाही. आपल्या घरात मूल मऊ भात खायला लागतं तेव्हापासून त्याच्या पोटात हळद जाते. युरोपातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हळद आपण खातो, आणि आपली मर्यादा त्यांच्या साडेसहापटीहून जास्त आहे. हे मला पटत नाही आणि ते मी जिथे सांगता येईल तिथे सांगते. म्हणून उत्तर सापडेपर्यंत ती पोती विकू नकोस, अशी माझी विनंती आहे. तंगी आहे हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल आपण वेगळं बोलू.

अजून एक. हे नमुने आमच्याकडे येतील तेव्हा त्यांना नाव राहणार नाही, नंबर पडेल. नंबर टाकणारी दुसरी मुलगी आहे आणि यंत्रावर मी असले तरी कुठली पिशवी माझ्या दादाची हे मला कळणार नाही. तरीही मी तुझी बहीण आहे, तेव्हा माझा आकडा फक्त आपल्या समजुतीसाठी ठेवू. व्यापाऱ्याला दाखवायला त्याच पिशव्यांचा दुसरा भाग एनएबीएलची मान्यता असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दे. मान्यता हळदीतल्या शिशासाठी आहे ना, हेही बघ. कधी कधी ती दुसऱ्याच चाचणीची असते. आणि त्यांच्याकडून शिसं, क्रोमियम, कॅडमियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम असं सगळं लिहून माग, नाहीतर पुन्हा एकच आकडा हातात येईल.

प्रत्येक पिशवीसाठी पेन्सिलने चिठ्ठी लिही, पेनाची शाई ओलीने पसरते: कुठून, कोणत्या तारखेला, कुणी घेतला. पिशवी दुसऱ्या पिशवीत घाल आणि चिठ्ठी दोन्हींच्या मध्ये ठेव, मालात नको. ड्रमची धूळ सगळ्यात शेवटी घे, हात धुऊन मगच बाकीच्या पिशव्यांना हात लाव, आणि ती वेगळ्या डब्यात बांध. बाटल्या परवा कुरियरने निघतील. वहिनींना म्हणावं, त्यांना न विचारताच त्यांच्या डब्यातली हळद मागते आहे, पण किलोभर तरी लागेलच.

तुझी धाकटी बहीण